डब्यावरचं नाव

जळगावच्या एजंटाकडून शेठनी यादी विकत आणली,
दोन हजार नावं, टाइप केलेली, सुतळीनं बांधलेली.
घरघंटीचं नवं मॉडेल आलं होतं सावद्याला
आणि मला पगार होता पत्ते लिहिण्याचा.

दहा दिवस लिहिलं. अंगठ्याला घट्टा पडला.
बाराव्या दिवसापासून कार्डं परत यायला लागली.
मयत.
गाव सोडून गेले.
या नावाचे इसम सात, कोणास द्यावे?
हे शेवटचं चिनावलच्या पोस्टमनचं, लाल शाईत.

गेलो त्याच्याकडे. वायकोळे नाव त्याचं,
सायकलला टेकून तंबाखू मळत होता.
म्हणाला, रामदास चौधरी कोणता?
डेअरीवाला, मुका, का म्हशीनं पाडलेला?
म्हटलं, मग हेच लिहू का पत्त्यावर?
"लिही. नी मंग दोन दिवस दुकानात बसू नको."

लग्नघरांतून आहेराच्या वह्या मागून आणल्या:
नाव, गाव, अकरा रुपये, स्टीलचा डबा,
एकीत तर "ताट परत दिले" असंही.
केळीच्या वजनकाट्यावरून पावत्यांची अर्धुकं आणली.
तरी काहीतरी चुकत होतं. ते कळलं
चिनावलच्याच चक्कीवर.

पट्ट्याची फटफट, पांढऱ्या भुवयांचा चक्कीवाला,
आणि भिंतीशी डब्यांची रांग.
झाकणांवर टिंबाटिंबांनी कोरलेली नावं:
सौ. द्वारकाबाई पुंडलिक फिरके.
सौ. कोकिळा यादव धांडे.
ठमाबाई, नुसतंच.
बाया पदर नाकाला लावून उभ्या,
कळण्यावर माझे गहू टाकू नको म्हणून भांडत.
मी आजवर ज्यांना लिहीत होतो
त्यांनी दळणाचा डबा कधी उचलला नव्हता.

वही काढली. झाकणं उतरवून घेतली.
न्हावी, आमोदे, खिरोदा, रोझोदा,
तेरा चक्क्या, चारशे एकोणनव्वद झाकणं.
कुणापुढे सौ. लिहायचं नाही आता,
तेही चक्कीवाल्यांनाच विचारून घेतलं,
त्यांना ठाऊक असतं, दळण कधी निम्मं झालं.
केसांत पीठ घेऊन घरी आलो तर आई म्हणाली,
महिन्याभरात म्हातारा झाला रे तू.

शेठ हसले. बायांच्या नावानं पत्र?
पण कार्डं छापून झाली होती, वाया कोण घालवणार.
छापील "श्रीमान" मी एकेका कार्डावर
हातानं खोडत गेलो.

वायकोळे नंतर सांगत होता,
दारात उभं राहून नाव पुकारलं
तर घरातलं कुणी उठेचना.
आत एक काकू होती, एक मोठी वहिनी,
एक आमोदेवाली.
द्वारकाबाई कोण, हे आधी तिलाच आठवावं लागलं.

दिवाळीपर्यंत एकवीस घरघंट्या गेल्या.
शेठनी मला पँटपीस दिला.

ती आली पौषात, एसटीनं,
कार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळलेलं.
मी खुर्ची दिली, मशीन लावलं,
पसाभर गहू दळून दाखवले.
तिनं पीठ बोटांत चोळलं. बरं हाये, म्हणाली.
किंमत विचारली नाही.
कार्ड पुढे केलं,
"हे मह्या नावचं हाये ना?
मंग दुसरं कधी येईन?"

शेठचा नियम आहे:
वर्षभरात ज्यानं घेतलं नाही त्याचं नाव काटायचं,
पोस्टाचा खर्च काही फुकट येत नाही.
मार्चअखेर मी लाल पेन घेऊन बसतो.
धांडे गेली. ठमाबाई गेली.
फिरके आली की त्या ओळीवर
घट्ट्याचा अंगठा ठेवून
पान उलटतो.